उघड्या गॅलरीतलं दहा नंबरचं मशीन

उषाताई गेल्याचा फोन प्रज्ञाचा आला तेव्हा मी कळव्यात बँकेच्या रांगेत उभा होतो. "काका, आई गेली. झोपेतच. तुम्ही या," एवढंच ती बोलली. डोंबिवलीला पोचून त्यांच्या इमारतीत शिरलो, तर जिन्याशेजारच्या काचेच्या सूचनाफलकात दोन कागद शेजारी शेजारी लावलेले दिसले. एक त्याच सकाळचा. सोसायटीच्या ज्येष्ठ सभासद श्रीमती उषा साळवे यांचे दुःखद निधन झाले असून सोसायटी त्यांच्या कुटुंबाच्या दुःखात सहभागी आहे, असा. दुसरा जुना, कडा पिवळ्या पडलेला. गॅलरीत मांस कापणे, वाटणे, टांगणे किंवा वाळवणे यास सक्त मनाई आहे, सभासदांनी सहकार्य करावे, असा. जुन्या कागदात कुणाचं नाव नव्हतं, पण गॅलरीत मांस वाटणारं घर त्या इमारतीत एकच होतं. कागदावर लाल शाईने मुद्रितशोधनाच्या खुणा केलेल्या होत्या. नोटीस लागली त्याच दिवशी उषाताईंनी सेक्रेटरींकडून फलकाची किल्ली मागून घेतली होती, शुद्धलेखन दुरुस्त केलं होतं आणि कागद पुन्हा जागेवर लावला होता. मजकुराला हात लावला नव्हता. मजकूर ज्याचा त्याचा असतो, असं त्या म्हणत.

आमच्या दैनिकाच्या ठाणे कार्यालयात त्या मुद्रितशोधक होत्या. मी उपसंपादक म्हणून लागलो तेव्हा त्यांना तिथे बरीच वर्षं झाली होती. अग्रलेख आणि वधूवरांच्या छोट्या जाहिराती त्या सारख्याच सावकाश वाचत. पहिल्या दिवसापासून त्या मला 'परब' म्हणून अरे-तुरे करत आणि मी त्यांना अहो-जाहो करत असे. हे शेवटपर्यंत बदललं नाही. पान छपाईला सोडायची घाई असली की आम्ही त्यांच्या टेबलाभोवती घिरट्या घालायचो. त्या मान वर न करता म्हणायच्या, "डोक्यावर उभं राहून अक्षरं लवकर वाचली जात नाहीत. चहा पिऊन या." बौद्ध कुटुंबातल्या, कल्याणच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या. वडील शेडमध्ये फिटर. शेजारच्या क्वार्टरमध्ये एका इंजिन ड्रायव्हरचं गोव्याकडचं कुटुंब होतं. त्या घरातल्या फिलोमिना आंटी डिसेंबरात व्हरांड्यातल्या बाकाला खिमा करायचं मशीन आवळून बसायच्या आणि घरी सॉसेज करायच्या. लसूण, लाल मिरची आणि व्हिनेगर यांचा वास सगळ्या ओळीत पसरायचा. कॉलनीविषयी कुणी हळवं होऊन बोलू लागलं की उषाताई त्याला अडवत. "तिथेही आमच्या ओंजळीत पाणी वरूनच ओतायचे. सगळे नाही, पण होते. फिलोमिना आंटीने मात्र मशीनचं हँडल माझ्या हातात दिलं. म्हणाली, तू फिरव, माझा खांदा दुखतो..." त्यापुढे त्यांनी कधी काही जोडलं नाही.

लग्नानंतर त्या आणि साळवे डोंबिवलीत घर शोधत होते. साळवे पोस्टात होते. एजंट आधी विचारायचा, नॉनव्हेज खाता का? मग आडनाव विचारायचा, आणि मग तो फ्लॅट कालच गेलेला असायचा. शेवटी त्यांना मिळालेल्या सोसायटीत बहुतेक घरं कोकणातली, रविवारी मासे खाणारी. त्यामुळे प्रश्न मिटला, असं साळव्यांना वाटलं. उषाताईंना तसं वाटलं नव्हतं. पण घर आवडलं होतं, गॅलरी मोठी होती आणि समोर तेव्हा बांधकाम नव्हतं. पुढे साळवे गेले. प्रज्ञा शिकली आणि ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागली. उषाताई निवृत्त झाल्या. या सगळ्या काळात त्या घरात मटण शिजायचं तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी बंद असायची. ती बंद करा असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. प्रज्ञा लहानपणापासून तसं बघत आली होती. मटण आणलं की खिडकी लावायची, हे तिला हात धुण्याइतकं साधं वाटायचं.

सॉसेजचा विषय प्रज्ञामुळेच निघाला. एका मॉलमधून तिने सॉसेजचं पाकीट आणलं. मी त्या दिवशी तिथे होतो. उषाताईंनी चष्मा लावून पाकिटामागची बारीक अक्षरं अथपासून इतिपर्यंत वाचली. स्टार्च, सोया, रंग, आकड्यांची नावं असलेले पदार्थ. मग पाकीट खाली ठेवून म्हणाल्या, "यात मटण कमी आणि मजकूर जास्त आहे." तळलेला एक तुकडा त्यांनी खाल्ला. बाकीचे आम्ही दोघांनी संपवले. पुढच्या आठवड्यात त्यांनी खाटकाकडून मटण आणून मिक्सरमध्ये फिरवलं. मिक्सरमध्ये खिमा होत नाही, चटणी होते. पात्याच्या उष्णतेने चरबी वितळते, मांसाला चिकटते आणि तळल्यावर सगळा ऐवज भुसभुशीत लागतो. खाटकाच्या मशीनवर खिमा करून आणला, तर तो फार बारीक निघाला आणि त्यात आधीच्या गिऱ्हाइकाच्या कोंबडीचा अंश होता. तेव्हा घरचं मशीन घ्यायचं ठरलं, आणि कोणतं घ्यायचं ते शोधण्याचं काम माझ्याकडे आलं. "तू बातमीदारी केलीयस ना कधीतरी? मग चार माणसांना विचार आणि मला सांग. सगळे सांगतात ते नको. एकमेकांशी भांडतात ते सांग."

मी विचारलं. ठाण्यातला एक हॉटेलचा स्वयंपाकी, दोन खाटीक आणि अशा मशीनना धार लावणारा एक माणूस. एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. पातं जाळीवर सपाट बसलं पाहिजे. बसलं तर मांस कापलं जातं, नाहीतर चेचलं जातं. मतभेद बाकी सगळ्या गोष्टींवर होते. स्वयंपाकी म्हणाला, विजेचंच घ्या, हाताने कोण मरमर करणार. धारवाला म्हणाला, विजेच्या मशीनची पाती दोनदा घासली की संपतात. अ‍ॅल्युमिनियमचं हलकं पडतं, पण मीठ आणि व्हिनेगर लागलं की काळं होतं. स्टीलचं दिसायला छान असतं, पण घरगुती मापाच्या स्टीलच्या मशीनमध्ये पातं बहुधा पत्र्याचं येतं. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, जड असतं. वर कथलाचा मुलामा असतो. ओलं ठेवलं की गंजतं, पण कोरडं पुसून तेलाचा हात लावला तर आपल्या मागेही टिकतं. हे मी उषाताईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि सॉसेज भरायची नळी कुठल्याबरोबर येते?" हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता.

विजेचं मशीन घ्यावं असं प्रज्ञाचं मत होतं आणि त्याला कारण होतं. उषाताईंच्या हृदयाचं दुखणं तेव्हा सुरू झालेलं होतं. डॉक्टरांनी जोराचं काम वर्ज्य केलं होतं. कल्याणच्या बाजारात हॉटेलच्या भांड्यांचं एक जुनं दुकान आहे, तिथे आम्ही तिघे गेलो. शेठनी आधी विजेचंच काढलं.

"हे घ्या मॅडम. बटण दाबायचं, बस. पाहुण्यांचा चहा होईपर्यंत खिमा तयार."

"उघडून दाखवा."

"कशाला उघडायचं? कंपनीचं पॅक आहे."

"मग धुवायचं कसं? कंपनी येणार धुवायला?"

शेठनी डोकं उघडून आतला स्क्रू काढून दाखवला. स्क्रूमागचं दातेरी चक्र पांढऱ्या प्लास्टिकचं होतं. ते मुद्दामच तसं असतं, शेठ म्हणाले. मध्ये हाड आलं तर ते तुटतं आणि मोटर वाचते.

"आणि ते तुटल्यावर?"

"मिळतं ना. मागवावं लागतं."

"म्हणजे मिळत नाही," उषाताई म्हणाल्या. शेठ हसले आणि त्यांनी मागच्या फळीवरून बिडाची मशीन उतरवली. आठ नंबरचं तोंड लहान होतं. बारा नंबर उचलताना शेठनाच दोन हात लागले. दहा नंबर ठीक वाटलं. त्याच्याबरोबर एक जाड जाळी, एक बारीक जाळी आणि सॉसेजची नळी होती. उषाताईंनी पातं जाळीवर ठेवलं, बोटाने दाबलं आणि दोन्ही मिळून ट्यूबलाइटसमोर धरलं. मध्ये कुठे उजेडाची रेघ दिसते का ते पाहिलं. दिसली नाही.

विकत घ्यायच्या आधी प्रज्ञाने त्यांना बाहेर बोलावलं. शेजारी उसाच्या रसाचं दुकान होतं, तिथे आम्ही उभे राहिलो. प्रज्ञा म्हणाली, "आई, तब्येतीचं सोड. इलेक्ट्रिकचा एक फायदा आहे. ते बाथरूममध्ये ठेवता येईल. दार लावायचं, सुरू करायचं. आवाज मिक्सरसारखाच येतो. कुणाला कळणार पण नाही."

उषाताईंनी ग्लास ठेवला. "कुणाला कळू नये असं मी काय करणार आहे?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे."

रस अर्धा टाकून त्या आत गेल्या आणि दहा नंबरचं मशीन घेऊन बाहेर आल्या. प्रज्ञाने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि स्टेशनपर्यंत तीच घेऊन चालली. मशीन कोणतं घ्यायचं हा प्रश्न तोपर्यंत बीड, पातं आणि नंबराचा होता. उसाच्या रसाच्या दुकानासमोर तो बदलला. पुढची काही वर्षं मी त्या घरी जात राहिलो ती या बदललेल्या प्रश्नासाठी, असं म्हणायला हरकत नाही.

घरी आल्यावर कळलं की मशीन बसवायला घरात जागाच नाही. बिडाचं मशीन टेबलाच्या किंवा ओट्याच्या कडेला खालून स्क्रूने आवळतात. ते आवळलं नाही तर काही उपयोगाचं नाही. उषाताईंनी ओट्याच्या ग्रॅनाइटची जाडी आधीच मोजली होती, पण मोजली होती गॅसची नळी जायला पाडलेल्या भोकाशी. तिथे दगड एकेरी होता. ओटा भारदस्त दिसावा म्हणून बिल्डर कडेला खालून आणखी एक पट्टी चिकटवतात, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेली माणसं आम्ही. मशीनचा जबडा पूर्ण उघडूनही कडेच्या जेमतेम अर्ध्या जाडीला पुरत होता. जेवणाचं टेबल काचेचं. घडीचं टेबल हँडलच्या पहिल्याच फेऱ्याला उचललं जायचं. उरलं एकच. कार्यालयातला मुद्रितशोधन विभाग बंद झाला तेव्हा उषाताईंनी स्वतःचं सागवानी टेबल विकत घेतलं होतं. जिन्याच्या वळणावर ते अडलं, म्हणून दोरांनी बाहेरून दुसऱ्या मजल्यावर चढवलं गेलं, आणि गॅलरीच्या दारातून आत जाईना म्हणून गॅलरीतच राहिलं. त्याच्यावर कुंड्या होत्या. मशीनचा जबडा त्या टेबलाच्या कडेवर बेतून केल्यासारखा बसला.

मी म्हटलं, शेठ बदलून देतील, मोठ्या जबड्याचं बारा नंबर घेऊ. उषाताई कुंड्या खाली उतरवत होत्या. "गॅलरी पण माझ्याच नावावर आहे ना, परब? मग बघू की."

पहिल्या रविवारी मी सकाळीच पोचलो. मटणाचे आणि चरबीचे तुकडे आदल्या रात्रीपासून डब्यात भरून फ्रीजमध्ये होते. वाटायच्या आधी ते थोडा वेळ बर्फाच्या कप्प्यात ठेवायचे. कडक झाले की पातं त्यांना स्वच्छ कापतं. मसाला घरचा. लाल मिरची, लसूण, धणे, थोडी लवंग, व्हिनेगर. बोकडाची आतडी प्रज्ञाने नळाखाली धुतली, उलटी करून खरवडली, मिठाच्या पाण्यात ठेवली. हे काम ती आत सिंकपाशी करत होती. गॅलरीत ती आली नाही. "मला रोज खाली सगळ्यांना तोंड दाखवायचं असतं, काका," ती हळूच म्हणाली. उषाताईंनी ते ऐकलं होतं. त्या बाहेर जाऊन बसल्या आणि हँडल फिरवू लागल्या. मी उभ्या उभ्या तुकडे आत ढकलत होतो, तर म्हणाल्या, "ढकलू नकोस रे. स्क्रू आपलं आपण ओढतो. तुला सगळ्यालाच ढकलायची सवय." मग दम लागला म्हणून त्यांनी हँडल मला दिलं. खिमा झाल्यावर पातं आणि जाळी काढून नळी लावली, तिच्यावर आतडं चढवलं आणि ते हळूहळू भरत गेलं. दुपारपर्यंत कपडे वाळत घालायच्या दोरीवर सॉसेजच्या तीन माळा लटकल्या होत्या.

सोसायटीचे सेक्रेटरी सावंत वर आले. बँकेतून निवृत्त झालेला मृदू बोलणारा माणूस. मी सिंधुदुर्गातला, तेही माझ्याच तालुक्यातले.

"साळवे मॅडम, हे काय काढलंत?"

"सॉसेज."

"ते दिसतंय हो. म्हणजे खालून सगळ्यांना दिसतंय."

"मग कुठलं मटण आहे ते विचारायचंय का? सरळ विचारा. लाजू नका."

"छे छे, तसं कोण म्हणतंय..."

"मग बसा. तळते दोन."

सावंत बसले नाहीत. दारातून माझ्याकडे वळून आवाज खाली आणत म्हणाले, "परबांनू, तुमी तरी सांगा तेंका. तुमी आपली माणसा." मी त्यांना म्हटलं, मी हँडल फिरवायला आलोय. ते जिना उतरून गेले. उषाताई आतून म्हणाल्या, "काय म्हणाले रे, तुमच्या भाषेत?" मी सांगितलं. त्या बराच वेळ हसत होत्या. "आपली माणसं! बघ हो, तुला दुसरं आमंत्रण नाही यायचं."

नोटीस त्यानंतर लागली आणि तिच्यामागून सोसायटीची सभा. सभेला मी नव्हतो. पुढचं मी प्रज्ञा आणि सावंत या दोघांकडून वेगवेगळं ऐकलेलं आहे, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नाही. सभा पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. स्वच्छता, माश्या, कावळे हे मुद्दे आधी झाले. उषाताईंनी प्रत्येकाला उत्तर दिलं. फरशी फिनेलने धुते, माळा संध्याकाळच्या आत फ्रीजमध्ये जातात, कावळे सुरमईच्या डोक्यांनाही येतात आणि ती डोकी कुणाच्या गॅलरीत धुतली जातात ते सगळ्यांना माहीत आहे. मग एक सभासद म्हणाले, मासे वेगळे हो. उषाताईंनी विचारलं, "काय वेगळं, ते सांगा. मी बसलेय." आणि त्या हातांची घडी घालून बसल्या. कुणीतरी घसा खाकरला. कुणीतरी विषयपत्रिकेने वारा घेऊ लागलं. उषाताई एकेकाकडे बघत होत्या. माणसं एकमेकांकडे बघत होती. शेवटी अध्यक्षांनी टाकीच्या गळतीचा विषय पुकारला. "आईने उत्तराची खरंच वाट बघितली, काका," प्रज्ञा मला म्हणाली. "मला वाटलेलं, ती टोमणा मारतेय. नाही. ती खरंच थांबलेली." मासे आणि मटण यांत फरक काय, हे त्या सभेत सांगता येण्यासारखं नव्हतं, कारण फरक माशांत आणि मटणात नव्हताच. तो वाटणाऱ्या हातांत होता. हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मोठ्याने म्हणायची कुणाची तयारी नव्हती. सोसायटीच्या बाजूने बोलायचं तर एवढंच, की निदान लाज तरी शिल्लक होती.

मग तडजोड आली. गॅलरीला चीक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, किंवा हिरवी जाळी लावा आणि आत काय हवं ते करा, आम्ही नोटीस काढून टाकतो. चीक सोसायटीच्या खर्चाने. हा प्रस्ताव मला वाजवी वाटला आणि प्रज्ञाला तर फारच. तिने मापही घेतलं. त्या संध्याकाळी मायलेकींचं जे भांडण झालं ते मी ऐकलं. खुर्ची सोडून उठून जावं असं मला वाटत होतं, पण उषाताईंनी हाताने बसवून ठेवलं.

"तुला सगळ्यांशी वाकडंच घ्यायचं असतं," प्रज्ञा म्हणाली. "पडदा लावला तर काय बिघडतं? मटण तेच, मशीन तेच."

"आज मी गॅलरीत बसून खिमा करतेय, प्रज्ञा. पडदा लावला की मी काहीतरी लपवून करतेय असं होतं. मशीन तेच, आणि मी दुसरी कुणीतरी."

"लोकांना त्रास होतो ना पण!"

"होऊ दे. माझ्या आईला ओंजळीने पाणी प्यावं लागायचं, त्याचा कुणाला त्रास झाला होता?"

प्रज्ञा रडली नाही. आत गेली आणि माप घ्यायची टेप ड्रॉवरमध्ये टाकली. चीक लागली नाही. नोटीस राहिली, मशीनही राहिलं. महिन्या-दोन महिन्यांनी एका रविवारी उषाताई गॅलरीत बसायच्या. स्वयंपाकघराची खिडकीही त्या दिवसापासून उघडी असायची. त्यांनीच ती उघडली. बिजागरीत रंग साचून ती आवळली होती, तर सुरी घालून मोकळी केली. समोरच्या इमारतीतून कुणी टक लावून बघत राहिलं की त्या हात हलवून विचारायच्या, "काय, झाला का स्वयंपाक?" बहुतेकांना मग आत काम आठवायचं. काहीजण उत्तर द्यायचे. एका बाईंनी तिथून ओरडून मसाल्याचं प्रमाण विचारलं आणि उषाताईंनी इथून ओरडून सांगितलं. तळमजल्यावर गाड्या धुणाऱ्यांसकट सगळ्यांना त्या दिवशी ते पाठ झालं.

शेवटच्या वर्षी त्यांना हँडल फिरवणं झेपेनासं झालं. मग त्या शेजारी खुर्ची घेऊन बसायच्या आणि तुकडे टाकायच्या. फिरवायचो मी, कधी माझी पत्नी. प्रज्ञा नेहमीप्रमाणे आत. विजेच्या मशीनचा विषय तिने पुन्हा एकदा काढला, या वेळी लपवण्यासाठी नव्हे, आईला दमणूक नको म्हणून. उषाताईंनी तिला जवळ बसवून म्हटलं, "मी गेल्यावर काय करशील याचं?"

"भंगारात देईन आणि इलेक्ट्रिक घेईन."

उषाताईंना इतकं हसू आलं की खोकल्याची उबळ आली, आणि प्रज्ञाला पाणी आणायला धावावं लागलं. मी त्यांना शेवटचा भेटलो तेव्हा त्या पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. पाय सुजलेले. एक सॉसेज बारीक चिरून बशीत दिलं होतं. तुकडा तोंडात घालून म्हणाल्या, "मीठ कुणी काढलं यातलं?" प्रज्ञा म्हणाली, डॉक्टरांनी. "डॉक्टरांचं मीठ डॉक्टरांना. माझं मला आण." तिने आणलं नाही. त्यांनी तरीही बशी संपवली. निघताना मी पुन्हा येतो म्हटलं. त्या म्हणाल्या, "ये. पण हात हलवत येऊ नकोस, चरबी घेऊन ये. इकडचा खाटीक फार कमी देतो..."

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सोसायटीतली बरीच माणसं आली. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. सावंत शेवटपर्यंत थांबले. खुर्च्या मोजून परत पाठवायला त्यांनी मदत केली. मग प्रज्ञाला म्हणाले, "आईच्या पुढे आम्ही काही बोललो नाही, बाळ. मोठी बाई होती. पण आता ते मशीन आत घे. नोकरी सांभाळून तुला कुठे जमणार आहे हे? तो विषय आईबरोबर संपला असं धरू आपण." त्यांच्या बोलण्यात कुठेही दमदाटी नव्हती. तिचं भलं व्हावं असंच त्यांना वाटत होतं, याबद्दल मला शंका नाही. प्रज्ञा म्हणाली, "बघते, काका." आणि मला वाटलं, संपला. तिने कधीच हे मागितलेलं नव्हतं. तिला खाली तोंड दाखवायचं होतं, नोकरीला जायचं होतं, या इमारतीत पुढची कितीतरी वर्षं काढायची होती. मशीन आत गेलं असतं तर मी तिला दोष दिला नसता.

परवाच्या रविवारी तिने बोलावलं म्हणून गेलो. टेबल पुसलेलं होतं आणि मशीन आवळलेलं. मटणाचा डबा बर्फाच्या कप्प्यातून काढून ठेवलेला. तिने आतडी रात्रीच धुऊन ठेवली होती. मी सवयीने हँडलपाशी गेलो, तर म्हणाली, "तुम्ही तुकडे टाका. मी फिरवते." प्रज्ञा डावखुरी आहे. मशीन टेबलाच्या आखूड बाजूला बसतं. उजव्या हाताने फिरवणाऱ्याची पाठ आवाराकडे होते. उषाताईंची व्हायची, माझी व्हायची. एवढ्या वर्षांत समोरच्या इमारतीने आमच्या पाठी पाहिल्या होत्या. बघणाऱ्याशी बोलायचं तर उषाताईंना मान वळवावी लागायची. डाव्या हाताने फिरवायचं तर पलीकडे बसावं लागतं. मी म्हटलं, मशीन सोडून उलटं लावू, दोन मिनिटांचं काम आहे. ती म्हणाली, राहू दे. खुर्ची उचलून तिने पलीकडे नेली आणि रस्ता, समोरची इमारत, खालचं आवार, सगळ्यांकडे तोंड करून बसली. चेहरा लाल झालेला. पहिले काही फेरे तिने खाली बघून फिरवले, मग मान वर केली. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी माणसं थांबली. प्रज्ञा थांबली नाही.

पहिली माळ दोरीवर चढवली तेव्हा दुपार व्हायला आली होती. सावंत खाली आवारात, बरोबर गॅलरीखाली, मान मागे टाकून उभे होते. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. प्रज्ञाने कठड्यावरून वाकून त्यांच्याकडे पाहिलं.

"सावंतकाका, जरा सरका तिथून," ती म्हणाली. "व्हिनेगर ठिबकतंय."

सावंत सरकले.